कायदा बदलला नव्हता

आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी. वडील बीडच्या बाजार समितीत हमाल होते, आई अंगठा लावायची. हे मी कुवेतमध्ये कितीतरी जणांना ऐकवलंय, कुणी विचारलं नसताना. फरवानियातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी रक्त तपासतो. त्यामुळे शुक्रवारी जेवणं झाली की इमारतीतले लोक रिपोर्ट नाहीतर गोळ्यांची पाकिटं घेऊन माझ्याकडे येतात. आणि मी कुणालाही "माहीत नाही" म्हणत नाही. म्हणजे, म्हणत नव्हतो.

समोरच्या घरात रत्नागिरीकडचे चाचा राहतात, शुवैखला एका गॅरेजमध्ये फोरमन. मला ते "बीएस्सी" अशीच हाक मारतात. गेल्या उन्हाळ्यात ते चाचीला घेऊन मुलीकडे कॅनडाला गेले. चाचीचे गुडघे पार गेलेले. मुलीने तिथल्या परवाना असलेल्या दुकानातून गांजाच्या तेलाची बाटली आणली. तिथे सज्ञान माणसाला ते कायद्याने मिळतं. मुलगी शिस्तीची. बाटली कुलपात, नातवंडांच्या हाती लागायला नको. जिभेखाली दोनच थेंब, लगेच गुण आला नाही म्हणून वर आणखी घ्यायचे नाहीत, घेतल्यावर गाडी चालवायची नाही. "मी कधी चालवली गाडी?" म्हणून चाची हसली होती म्हणे.

परतायला आठवडा असताना चाचांनी बाटलीचा फोटो पाठवला आणि फोन केला.

"बीएस्सी, ही सोबत आणू का रे? पोरगी म्हणते, तिकडच्या कुणाला तरी विचारून घ्या."

फोटोत मोठ्या अक्षरांत सीबीडी लिहिलेलं होतं. मला एवढं ठाऊक होतं की गांजातली नशा चढते ती टीएचसीने, सीबीडीने नाही. तेवढ्या भांडवलावर मी बोललो, "बिनधास्त आणा चाचा. यात नशा नाही, औषध आहे."

इथला कायदा काय सांगतो, ते मला माहीत नव्हतं. विचारून सांगतो, एवढं म्हणायला जीभ वळली नाही.

चार दिवसांनी दवाखान्यात चहा पिताना मी ही गोष्ट फार्मसीतल्या पुण्याच्या ताईंना सांगितली. सांगितली कसली, मिरवली.

"वेडा आहेस का रे? दाखव तो फोटो." त्यांनी तो मोठा केला. खाली बारीक अक्षरांत टीएचसीचाही आकडा होता. "आणि हा नसता तरी इथे चालत नाही. विमानतळावर सापडलं तर म्हातारा तुरुंगात जाईल. कॅनडातून बाहेर न्यायलासुद्धा बंदी आहे. आत्ता फोन कर."

मी आत्ता केला नाही. दोन दिवस केला नाही. काय बोलायचं ते जुळवत बसलो. माझं चुकलं, हे सोडून दुसरं एखादं वाक्य हवं होतं. तिसऱ्या दिवशी, ते तिकडच्या विमानतळावर पोचल्यावर, फोन लावला. तोवर वाक्य सापडलं होतं.

"चाचा, बाटली काढा. इकडे कायदा बदललाय."

रांगेतून बॅग बाहेर घेऊन त्यांनी ती जमिनीवरच उघडली. पायमोज्यात गुंडाळलेली बाटली घेऊन मुलगी घरी गेली, चाचा-चाची सुखरूप इथे आले. त्या शुक्रवारी चाचांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "याने मला जेलमधून वाचवलं. शिकलेला शेजारी असावा तर असा." बिर्याणीतला मोठा तुकडा माझ्या ताटात आला. मी तो खाल्ला.

दोन महिन्यांनी चाची साखरेचा रिपोर्ट दाखवायला आली.

"हे पोरीशी बोलतच नाहीत रे. विमानतळावर लोकांदेखत तिच्यावर ओरडले. बापाला तुरुंगात घालायला निघालीस, कायदा बदलला तो तुला कळायला नको, शिकून काय दिवे लावलेस, असलं काय काय. पोर उभी राहून रडली."

साखरेचा आकडा मी दोनदा वाचला, तरी चाचीला सांगता येईना. तसाच उठून तिच्या घरी गेलो. चाचा मटार सोलत बसले होते. उभ्यानेच सांगितलं. कायदा आधीपासून तोच होता. मला ठाऊक नव्हता. ठाऊक झाल्यावरही दोन दिवस गप्प बसलो, आणि वर खोटं बोललो.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चाचांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"जेलचं सोड," ते म्हणाले. "पोरीला मी काय बोललो, तुला माहिताय?"

"चाचीने सांगितलं."

"अर्धंच सांगितलं असेल तिने." त्यांनी आपला फोन माझ्यापुढे सरकवला. "लाव. पहिलं तू बोल. आणि तुझ्या त्या इंग्रजीत नको. मला समजलं पाहिजे."

मुलीने पहिल्याच घंटेला उचलला. "अब्बा?" म्हणाली, घाईघाईने.

"अब्बा नाही, मी समोरच्या घरातला," म्हटलं, आणि फोटो आला त्या दिवसापासून सांगायला लागलो. चाचा मान खाली घालून ऐकत होते.