मिठाच्या सिस्टर

सिस्टर कुणाच्याही दारात गेल्या की पाणी मागत नसत. पिशवीतून एक पांढरी बशी काढत, ती उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवत आणि म्हणत, "मीठ दाखव." घरातली बाई चिमूटभर मीठ बशीत टाकी. मीठ हातावर द्यायचे-घ्यायचे नसते, भांडण होते, असे पेठ तालुक्यातल्या त्या डोंगरी पाड्यांवर सगळे मानतात. सिस्टरांना रंग ओळखायला पांढरे भांडे लागे. बशीने दोघींचेही भागत असे. सिस्टर एका लहान बाटलीतून मिठावर थेंब टाकत. मीठ निळे-जांभळे झाले तर त्यात आयोडीन आहे. पांढरेच राहिले तर त्या दुसऱ्या बाटलीतल्या थेंबांनी फेरतपासणी करत आणि मग वहीत लिहीत: 'रंग आला' किंवा 'रंग नाही'. तिसरा शेरा त्यांच्या वहीत नव्हता.

त्या तिथल्या उपकेंद्राच्या नर्स होत्या. कागदोपत्री त्यांचे नाव वेगळे असले तरी पाड्यांवर त्या 'मिठाच्या सिस्टर' होत्या. मी नाशिकच्या एका दैनिकात आरोग्याच्या बातम्या पाहत होतो. लसीकरणाची बातमी करायला त्यांच्याबरोबर एक दिवस हिंडलो आणि परत येताना माझ्या टिपणवहीत लशीपेक्षा मिठाबद्दलच जास्त लिहिलेले होते.

त्यांचे म्हणणे साधे होते. डोंगरावरच्या पावसाने मातीतले आयोडीन वाहून जाते. मातीत नाही म्हणून नागलीत, म्हणजे नाचणीत, नाही, भातात नाही, भाजीत नाही. ते मिठातूनच पोटात जायला हवे. बाईला दिवस गेले की तिची गरज वाढते, कारण पोटातल्या बाळाचा मेंदू आईच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर वाढत असतो. आयोडीन कमी पडले तर गर्भ पडू शकतो, मूल मेलेले जन्मू शकते, जगले तर त्याच्या ऐकण्या-शिकण्यात उणीव राहू शकते. "राहू शकते," हे त्या जोर देऊन म्हणत. एखाद्या घरातल्या दुःखाकडे बोट दाखवून 'हे मिठामुळे झाले' असे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. "मिठातलं आयोडीन म्हणजे घरातली बाई," असे मात्र म्हणत. "आहे तोवर कुणाला तिची चव कळत नाही."

जनीच्या घरी मी त्यांच्याबरोबर दोनदा गेलो. जनी विशीतली, गळ्याला थोडी सूज असलेली. तिचे पहिले मूल सातव्या महिन्यात मेलेले जन्मले होते. तिला पुन्हा दिवस राहण्याआधी घरातले मीठ निळे झाले पाहिजे, एवढा एकच हट्ट सिस्टरांनी धरला होता. पाड्यावर पूर्वी सुटे जाडे मीठ येई. सिस्टरांनी दोन वर्षे बोलून बोलून बायकांना पाकिटातले मीठ घ्यायला लावले होते. आठवडी बाजारात पाकिटातलेही जाडेच मीठ मिळे, पण त्यावर 'आयोडीनयुक्त' असे ठळक छापलेले होते. तरीही बशी पांढरीच राही.

सिस्टरांनी दोष बायकांना दिला. जाडे मीठ वापरण्याआधी धुऊन घ्यायची तिथे रीत आहे, खडे-माती निघून जावी म्हणून. धुतल्यावर आयोडीनही पाण्याबरोबर जाते. शिवाय मिठाचे गाडगे चुलीशेजारी उघडे. सिस्टर घरोघरी ओरडल्या. धुऊ नका, झाकून ठेवा, चुलीपासून लांब ठेवा. जनीच्या सासूने मीठ धुणे सोडले, वर तक्रार सुरू केली. "तुझ्या मिठात खडं येत्यात, सिस्टर. परवा भाजी खाताना माझा दात गेला." सिस्टर म्हणाल्या, "आजी, तो तसाही जाणारच होता."

मी दुसऱ्यांदा गेलो त्या दिवशी जनीने बाजारातून आणलेले बंद पाकीट समोर ठेवले आणि विळीवर त्याचे तोंड कापले. "बघा सिस्टर. हे धुतलं नाय, चुलीजवळ नेलं नाय. अजून त्याला वारा पण लागला नाय." सिस्टरांनी थेंब टाकले. पांढरे. दुसरी बाटली काढली. पांढरे. त्यांनी शेजारच्या घरातले बंद पाकीट मागवले. तेही पांढरे.

त्यांनी दोन्ही बाटल्यांची टोपणे लावली. मग सासूकडे वळून म्हणाल्या, "आजी, तुमचं चुकलं नव्हतं. इतके दिवस मी उगाच तुम्हाला बोलले."

"आन् माझा दात?" सासूने विचारले.

जनी हसली. सिस्टर हसल्या नाहीत. जनीने मग खालच्या आवाजात सांगितले की तिची पाळी चुकून दोन महिने झाले आहेत.

राग आला की सिस्टर समोरच्याला 'आपण' म्हणत. आवाज चढत नसे, उलट भाषा सभ्य होत जाई. तीन दिवसांनी त्या दोन बंद पाकिटे घेऊन नाशिकला आल्या आणि जिल्ह्याच्या एका कार्यालयात गेल्या. मीही होतो. साहेब म्हणाले, तुमच्या बाटलीतले रसायन जुने असेल. हे उत्तर येणार हे सिस्टरांना ठाऊक होते. त्यांनी कार्यालयाच्या कॅन्टीनमधून चिमूटभर मीठ मागवले, बशीच्या एका बाजूला ठेवले, दुसऱ्या बाजूला पाकिटातले. दोन्हींवर त्याच बाटलीतले थेंब. साहेबांच्या टेबलावर कॅन्टीनचे मीठ गडद निळे झाले. पाड्याचे पांढरे राहिले.

साहेबांनी बशी थोडी दूर सरकवली. "सिस्टर, हा नमुना अधिकृत माणसाने घेतलेला नाही."

"मग आपण घ्या," सिस्टर म्हणाल्या. "बाजार मंगळवारी भरतो."

पाच आठवड्यांनी नमुना घ्यायला जीप गेली. गुरुवारी गेली. गुरुवारी त्या मैदानात दोन शेळ्या आणि एक बंद टपरी असते. अहवालात लिहिले गेले की पाहणीच्या वेळी आक्षेपार्ह मीठ विक्रीस आढळले नाही. हे वाक्य खोटे नव्हते. मी बातमीदारीत बरीच वर्षे काढली. इतके खरे आणि इतके निर्लज्ज वाक्य क्वचितच वाचले.

या प्रकाराची बातमी मी लिहिली होती. संपादकांनी ती परत पाठवली. प्रयोगशाळेचा कागद नाही, कंपनीचे नाव छापायचे तर कागद हवा. नियमाने ते बरोबर होते आणि मीही सिस्टरांना तसेच सांगितले. नाशिकला पंचवटीत त्यांची एक खोली होती, सुट्टीच्या दिवशी त्या तिथे येत; तेव्हा त्या पाकिटे पिशवीत भरत होत्या. एरवी मला 'अरे पत्रकारा' म्हणणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आपल्यालाही कागदच लागतो." त्या रंगलेल्या बशीसमोर मी स्वतः उभा होतो.

पिशवीत शहरातले मीठ होते, एकेक पाकीट बशीवर तपासून घेतलेले. दर आठवड्याला त्या पेठच्या गाडीने ते नेत आणि दिवस गेलेल्या बायकांना देत. तिथेही अडचण आली. परक्याचे मीठ फुकट कुणी घेईना. "तुमचं मीठ खाल्लं तर जन्मभर तुमचं ऐकाय लागंल," जनी म्हणाली. "ऐकलंस तर बरंच," असे सिस्टर म्हणाल्या खऱ्या, पण जनीने ऐकले नाही. शेवटी पाकिटाला शेरभर नागली असे ठरले. त्या हिवाळ्यात मला सिस्टरांच्या खोलीवर नागलीची भाकरी, नागलीचे पापड आणि नागलीची आंबील, इतकेच मिळत गेले.

जनीला मुलगी झाली. पुरे दिवस भरून झाली, मोठ्याने रडली. मी सिस्टरांना म्हणालो की हे तुमच्या मिठाचे यश. त्यांनी मला तिथेच थांबवले. "एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही. तसं लिहू नकोस. पाकीट पांढरं राहिलं, तेवढं सिद्ध आहे. तेच कुणाला नको आहे."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाल, नारळ आणि एक मानपत्र असा कार्यक्रम झाला. मानपत्रात वाचले गेले की त्यांच्या कार्यक्षेत्रातील मिठाचे सर्व नमुने प्रमाणित आढळले. सिस्टरांच्या वहीत पान उलटत जावे तसे 'रंग नाही, रंग नाही' लिहिलेले होते. वही वर गेली, तिचा तक्ता झाला, तक्त्याचा अहवाल झाला आणि या प्रवासात कुठेतरी मिठाला रंग चढला. तो कुठे चढला हे मी नंतर शोधायचा प्रयत्न केला. प्रत्येक टेबलाने मागच्या टेबलाकडे बोट दाखवले.

टाळ्या थांबल्यावर सिस्टर उठल्या. म्हणाल्या, "साहेब, माझ्या वहीत असं नाही. आपण दुरुस्त करून द्या, मग मी घेते." मानपत्र टेबलावर ठेवून त्या खाली उतरल्या. शाल त्यांनी घेतली. थंडीचे दिवस होते. दुरुस्त मानपत्र आले नाही. पेठच्या गाडीने मीठ नेणे त्यांनी निवृत्तीनंतरही सोडले नाही.

गेल्या वर्षी सिस्टर पंचवटीतच वारल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या. त्यांत 'सेवाभावी परिचारिका' असे शब्द होते. मीठ नव्हते.

मी ते सांगायला पाड्यावर गेलो. जनी आता तिथली आशा सेविका आहे. तिची मुलगी शाळेत जाते. सासूच्या तोंडात एकही दात उरलेला नाही आणि प्रत्येकाचा हिशोब ती अजून सिस्टरांच्या नावावर टाकते. बातमी ऐकून जनी उठली. आत गेली, पांढरी बशी घेऊन आली. निवृत्त होताना सिस्टरांनी ती तिला दिली होती. कड एका ठिकाणी उडालेली. मंगळवारच्या बाजारातले पाकीट तिने विळीवर कापले, चिमूट बशीत टाकली, थेंब टाकले. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकले. जनी, सासू आणि मी, तिघे बशीकडे पाहत होतो.

"पाड्यात आज तिघींना दिवस गेल्यात, दादा," जनी म्हणाली. "शहरातलं मीठ आणायला आता सिस्टर नाय. तू कागद मागशील. कागद माझ्याकडं पण नाय." तिने बशी माझ्याकडे सरकवली. "पण तू डोळ्यानं पाह्यलंस ना?"

"पाहिलं."

"मग तेवढंच लिही."

मीठ पांढरे होते.