एका सीटची मोटारसायकल

नीलिमाच्या नवऱ्याला, उदयला, घरातला गळका नळ कधी दुरुस्त करता आला नाही. पण पुण्याहून बरकतपुऱ्यात आलेल्या या संगणकपंडिताने थंडीतले सगळे रविवार सासऱ्यांच्या जुन्या मोटारसायकलची चिरफाड करण्यात घालवले. साडी-गार्ड उपटलं, मागची सीट कापून टाकली, टाकीला काळा रंग फासला आणि व्हिडिओ बघून आलेली अक्कल घरभर पाजळली. नीलिमा याच गाडीवर, वडिलांना, अप्पांना, मागे बसवून चालवायला शिकली होती. तरी तिने पान्याला हात लावला की हा म्हणे, “तुला नाही जमायचं.”

संक्रांतीला तो ऐटीत म्हणाला, “चल, नामपल्लीला चहा पिऊन येऊ.”

“बसू कुठे, तुझ्या डोक्यावर?”

तो सीटकडे बघतच राहिला.

नीलिमाने त्याच्या हातातली किल्ली घेतली, ओढणी कमरेला बांधली आणि किक मारली.

“तू ऑटोने ये.”