मेस्त्रींची मिशी आणि कोरडी पट्टी

मेस्त्री दिसायच्या आधी त्यांची मिशी दिसायची. दुकान म्हणजे बेकरीमागची एवढीशी बोळकांडी, मिशी मात्र ऐसपैस. रोज सकाळी आरशापुढं पाव तास उभं राहून ते तिला खोबरेल चोपडत आणि पीळ देत. बायको म्हणायची, "माझ्याकडं लग्नातसुद्धा एवढं बघितलं नव्हतं!"

मशीन दुरुस्तीत हात सोन्याचा. खोड एकच, गिऱ्हाइकाला काही म्हणजे काही विचारायचं नाही. "मशीन बोलतं, गिऱ्हाईक बडबडतं," असं ते सगळ्यांना ऐकवत.

ऐन थंडीत लाकूडवाली आजी खांद्यावर चेनसॉ टाकून आली, लांब पट्टीभोवती साखळी फिरवून लाकूड कापणारं मशीन. "मेस्त्री, साखळी कोरडी पळतेय. पट्टीतून धूर निघतो, तेल म्हणून येत नाही. मी यात काय घालते सांगू का—"

"ठेवा तिथं. दुपारी या."

आजीनं मशीन फळीवर ठेवलं. फळी बेकरीच्या भट्टीच्या भिंतीला लागून. भिंत दिवसभर उबदार, मांजरही तिथंच झोपायचं. दुपारी मेस्त्रींनी टाकीत तेल आहे एवढं पाहिलं, नळी काढून फुंकली, मशीन चालू करून पट्टीचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरलं. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली. रेघ उमटली की पट्टीला तेल पोचतंय, काम फत्ते.

चार दिवसांनी आजी पुन्हा दारात. "घरी नेलं की ये रे माझ्या मागल्या!"

या खेपेला मेस्त्रींनी पंपच बदलला. दुपारी पुन्हा ठसठशीत रेघ. शेजारून बेकरीवाल्यानं काडी टाकली, "आणि तिसऱ्यांदा आलं तर?"

"तर मिशी उतरवीन!" मेस्त्री बोलून गेले, आणि हात आपोआप ओठावर गेला.

सोमवारी बेकरीला सुट्टी, भट्टी थंडगार. सकाळीच आजी मशीन घेऊन हजर. मेस्त्रींनी तिथल्या तिथं मशीन चालू केलं. पुठ्ठा कोरा तो कोराच. झाकण उघडलं तर टाकीत पांढरंफेक काहीतरी थिजलेलं.

आजी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. "मेस्त्री, मिशीला काय लागलंय हो? पांढरं पांढरं?"

मेस्त्रींनी मिशी चाचपली. गोठलेलं खोबरेल. त्यांनी बोटाकडं पाहिलं, मग टाकीकडं पाहिलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला. "आजी, यात तेल कोणतं घालता?"

"खोबरेल. त्या काळ्या तेलाच्या वासानं मळमळतं मला. आणि माझं पोट भरणारं मशीन ते! माझ्या डोक्याला तेच त्याला."

"अहो, मग सांगायचं नाही?"

"पहिल्याच दिवशी सांगत होते. तुम्ही म्हणालात, ठेवा तिथं."

म्हणजे घरी थंडीत थिजायचं, इथं भट्टीच्या उबेनं दुपारपर्यंत वितळायचं! आता वास तरी कसा आला नाही? येणार कसा! नाकाखाली अष्टौप्रहर तोच वास.

मेस्त्रींनी टाकी धुतली, पट्टीचं तेल भरलं, आजीचा जुना धडधाकट पंप परत बसवला. रेघ उमटली. आजी खूश होऊन गेली. तिला पैजेचा पत्ता नव्हता, बेकरीवाला सुट्टीवर. शब्द गिळला असता तरी कोण विचारणार होतं? पण बिचाऱ्या पंपाला उगाच बदनाम केलं, याची मेस्त्रींना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. घरी जाऊन त्यांनी कात्री मागितली तेव्हा बायकोनं आधी कपाळाला हात लावून ताप बघितला.

दहा दिवसांनी आजी साखळीला धार लावायला आली.

"बसा आजी. काय होतंय मशीनला? सगळं सांगा."

आजीनं अर्धा तास सांगितलं. मशीनचं, गुडघ्यांचं, सुनेचं. मेस्त्रींनी मुकाट्यानं ऐकलं. निघताना ती हळूच म्हणाली, "तुम्ही धाकटे भाऊ ना? गुणी आहात हो. थोरल्यांना सांगा, मिशीपेक्षा जरा कान वाढवा म्हणावं."

मेस्त्रींचा हात सवयीनं ओठाकडं गेला. तिथं काहीच नव्हतं.

"सांगतो," ते म्हणाले.