गच्चीवरची घरघर

दुर्बिणीच्या फोकसच्या चाकाला बोट लागलं तरी आतला चंद्र थरथरायचा. वैतागून मी त्या चाकाला खेळण्यातल्या गाडीची मोटर जोडली. रिमोटही त्याच गाडीचा.

दिवेलागणीला गच्चीवर जाऊन बटण दाबलं. लाल दिवा लागला, मोटर घरघरली आणि चंद्रावरचे खड्डे जरासुद्धा न हलता स्वच्छ झाले. तेवढ्यात खालून ओरडा आला, "ड्रोन आलं! ड्रोन!"

चोर आधी ड्रोन सोडून घरं हेरतात, अशी अफवा जतकडच्या या गावात पसरली होती. आणि मी मिरजेहून बदलून आलेला, एकटा राहणारा मास्तर. खरं सांगून टाकावं म्हणून रिमोट खिशात कोंबून खाली धावलो.

गल्लीत माणसं काठ्या घेऊन जमली होती. रोज चहाला हाक मारणाऱ्या शेजाऱ्याने माझ्याही हातात काठी दिली. "आवं सर, बरं झालं आला. उडवणारा घावला तर जित्ता सोडायचा न्हाई."

मीही काठी धरून सगळ्यांबरोबर आभाळात बघत राहिलो. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला, खिशातलं बटण दाबलं गेलं, आणि माझ्या गच्चीवर मोटर घरघरली.