मंगळवारचे रुग्ण, गुरुवारचे निरोगी

"सोमवार, ४ मार्च. सकाळी सिलिंडर बदलला. दुपारी खिडक्यांच्या काचा पुसल्या. सूनबाई सातला आली. चेहरा उतरलेला. ताट तसंच ठेवून उठली."

सासूबाईंनी वही मिटली आणि चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. "आता सांगतेस, की तोंडाला कुलूपच?"

सून सोळा वर्षं प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. एका आजाराचे बारा रुग्ण आणि बारा निरोगी माणसं, यांच्या रक्तातली कोणती जनुकं जोरात काम करतात आणि कोणती थंड पडतात, हे मोजायचं काम तिच्याकडे होतं. टापटीप इतकी, की सरमिसळ नको म्हणून तिने सगळे रुग्ण मंगळवारी उरकले आणि सगळे निरोगी गुरुवारी. फरक भरपूर दिसला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम खूश, शोधलेख तयार. आणि आज आकडेवारीवाल्याचा निरोप आला: रक्ताची कोणती नळी कोणत्या दिवशी तपासली, तेवढा रकाना भरून पाठवा.

"मग भर की. त्यात रडण्यासारखं काय?"

"आई, तुमच्या शाळेत एका तुकडीचे पेपर कडक बाईंनी तपासले आणि दुसरीचे मवाळ बाईंनी, तर हुशार तुकडी कोणती?"

सासूबाई थबकल्या. "ते कसं कळणार? दोन्ही गठ्ठे मिसळून वाटले असते, तर कोणती बाई किती कडक हे तरी दिसलं असतं. तेवढे गुण वळते करता आले असते."

"तेच तर. गुरुवारी मी रसायनाची नवी बाटली उघडली. आता दिसतोय तो फरक आजाराचा की बाटलीचा, हे कुठलंच गणित सांगू शकत नाही."

"पण तू एकेक नमुना तीनतीनदा मोजतेस ना?"

"तिन्ही वेळा बाटली तीच. तुमचं वजन तीनदा केलं तर आकडा पक्का होतो. घरात तीन सासवा होत नाहीत."

"एकच पुरून उरते ना तुला!"

दोघी हसल्या. मग सून हळूच म्हणाली, "दिवसांची नोंद फक्त माझ्याच वहीत आहे. तारखा मिसळून कळवल्या, तर कुणाला पत्ताही लागणार नाही."

सासूबाईंनी उठून तिचं ताट पुन्हा तिच्यापुढे ठेवलं. ओरडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रयोगाची वही उघडून मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि उभी राहिली. मॅडमनी मंगळवार-गुरुवारची दोन्ही पानं पाहिली, पुन्हा पाहिली.

"सोळा वर्षांत एक चूक केलीस, तीही नेमकी इथे!" त्यांनी लेखाचे कागद खणात सारले. "नमुने उरलेत?"

"एका खेपेपुरते."

"आणि या वेळी?"

"दोन दिवस. रोज सहा रुग्ण, सहा निरोगी. क्रम चिठ्ठ्या टाकून. गणितात दिवसाचा रकाना पहिल्यापासून."

"फरक नाहीच निघाला तर?"

"नाही तर नाही, मॅडम."

मॅडमनी नमुन्यांच्या फ्रीझरची किल्ली तिच्यापुढे सरकवली. "उद्याच सुरू कर. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी लिहिलं: "बुधवार, गुरुवार सूनबाई सकाळी सहालाच निघणार. नातीचा डबा मी भरायचा."