कापलेले बूट

कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात माझी आठ वर्षांची मुलगी बाकावर पाय हलवत बसली होती. तिची आई आत वकिलांशी बोलत होती. मुलीच्या शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची टोकं ब्लेडने नीट कापलेली होती आणि त्यातून मोज्यातली बोटं बाहेर डोकावत होती.

चार महिन्यांची पोटगी माझ्याकडे थकली आहे. लपवण्यात अर्थ नाही, आजची तारीखच त्यासाठी होती. पण मोटरसायकलच्या आणि बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचा एकही हप्ता मी चुकवलेला नाही. एक दिवस उशीर झाला की वसुलीवाल्याचा फोन येतो, दोन दिवस झाले की तो कामावर येऊन मालकासमोर उभा राहतो. म्हणून पगार झाला की आधी त्याचं तोंड बंद करायचं आणि उरलं तर पोटगी, अशी मला सवयच लागली. जो ओरडेल त्याला आधी द्यायचं. मुलांचे पाय मात्र काही आवाज न करता वाढतात.

"बूट कुणी कापले गं?" मी विचारलं.

"आईने. आता अजिबात चावत नाहीत," असं म्हणून तिने बोटं हलवून दाखवली.

"मग नवे मागायचे ना माझ्याकडे. एक फोन करायचा."

"आई नको म्हणाली. बाबांना आधीच खूप फोन येतात म्हणे."