सुमनबाईंविना पहिलीचा वर्ग

सांगाले लाज वाटते, तरी लिहून राह्यलो.

आलापल्लीजवळच्या आमच्या शाळेत पहिलीची पोरं गोंडीच बोलतात. त्यायचं बोलणं मले मराठीत सांगायच्या त्या आमच्या मदतनीस सुमनबाई. मागच्या आठवड्यात त्या तापानं गेल्या.

आज एक पोरगी सारखी "येर, येर" म्हणे. मले वाटलं, "ये" म्हणून बोलावते. जवळ जाऊन बसलो, डोक्यावरून हात फिरवला. ती रडाले लागली.

शेवटी तिसरीतली तिची बहीण धावत आली. "सर, ते पाणी मांगून राह्यली!"

सहा वर्षं सुमनबाईंनी पोरायची तहान मले मराठीत सांगितली. मी त्यायच्याकडून पाण्याचा शब्दही शिकलो नाई.

आता कोणाले विचारू, सांगा?